बाईंचं नाक कुणी पळवलं?

१

“ताई, आमच्याकडून एक नाक चोरीला गेलंय. लगेच येता का?”

सकाळी सकाळी फोनवर कुणी असं म्हणालं तर माणसानं काय करावं? मी चहाचा कप खाली ठेवला. “अहो, मी बिघडलेले कंप्युटर दुरुस्त करते. नाकं शोधणं माझं काम नाही. पोलिसांना फोन करा.”

“कंप्युटरमधूनच गेलंय हो!” पलीकडची बाई रडायला लागली.

रडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सहसा पत्ता विचारत नाही, आधी रडणं थांबवायला सांगते. पण ही रडता रडता म्हणाली, “मी कालपासून मशीनला हात लावलेला नाही. कुणालाच लावू दिला नाही.” मी पायात चपला सरकवल्या. गेली कित्येक वर्षं मी हे काम करतेय. काहीतरी हरवल्यावर हात बांधून बसणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. बाकीचे सगळे आधी ठोकाठोक करून बघतात आणि मग मला बोलावतात.

इस्पितळाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर तो कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या. आत पाऊल टाकलं आणि दचकलेच. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरेशुभ्र कान, ओळीनं मांडलेले. खालच्या फळीवर बोटं, त्याच्या खाली नाकं. अपघातात किंवा आजारात चेहऱ्याचा एखादा भाग गेलेल्यांना हे लोक तसाच दुसरा करून देतात, सिलिकॉनचा, हुबेहूब.

दाराशीच विजेचं मेन स्विच होतं, लाल दांड्याचं. त्याला लागून कंप्युटरचं टेबल. कीबोर्डवर एक वही पालथी घातली होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हात लावाल तर याद राखा’. हे फोनवाल्या बाईचंच काम, हे मी ओळखलं.

खोलीत चार माणसं होती आणि चौघं चार कोपऱ्यांत. मयताच्या घरीसुद्धा लोक यापेक्षा जवळ बसतात.

मी मशीन उघडलं, आतली डिस्क काढली आणि माझ्या यंत्राला जोडून तिची नक्कल करायला लावली. हा माझा नियम आहे: आधी नक्कल, मग उपचार. मूळ डिस्कवर प्रयोग करायचे नाहीत.

“याला वेळ लागेल,” मी म्हणाले. “तोवर मी माणसं तपासते.”

चौघांनीही एकदम खाली बघितलं.

२

आधी फोनवाली बोलली. ती मालकांची सून, सगळे तिला सूनबाईच म्हणतात. कंप्युटरवरचं सगळं काम हिचं. हातात धरायचा स्कॅनर चेहऱ्यावरून फिरवायचा की पडद्यावर चेहरा उभा राहतो, मागूनपुढून फिरवून बघता येतो. त्यावरून साचा करायचा.

“नाक कुणाचं होतं?” मी विचारलं.

“शाळेच्या बाईंचं. इथल्याच शाळेत शिकवतात. नाकात गाठ निघाली. नाक काढावं लागणार होतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी इथे आल्या. आधी आम्ही नेहमीसारखा प्लास्टरचा ठसा घ्यायला गेलो, पण त्यांचा श्वास कोंडला, घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. ठसा अर्धवट सोडला आणि मी नुसतं स्कॅन केलं. छान आलं होतं हो!” तिनं पदरानं डोळे टिपले. “आता ऑपरेशन झालंय. नाक उरलेलंच नाही. पुन्हा स्कॅन करणार कशाचं?”

इतका वेळ गंमत वाटत होती ती पार गेली.

“फोटोवरून नाही करता येणार?”

“येईल की. नाकासारखं नाक होईल. बाईंचं नाही होणार.”

“बाईंना सांगितलंत?”

“काल सांगितलं. लपवून कसं चालेल? त्या म्हणाल्या, राहू दे गं, जमेल ते बसव. मी काय नाक दाखवायला शाळेत जाते का? आणि मग फोन ठेवून दिला. ताई, त्या माझ्याही बाई होत्या, लहानपणी. त्यांना कधी असं पडलेल्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं मी.” थोडं थांबून ती म्हणाली, “त्या आज दुपारी येणार आहेत. फोटो घेऊन.”

म्हणजे हातात एक सकाळ होती.

“शेवटचं कधी पाहिलंत ते स्कॅन?”

“परवा दुपारी. काल सकाळी येऊन बघते तर बाईंचं अख्खं फोल्डर गायब. कचऱ्याच्या डब्यातही नाही. बाकीच्यांची कामं जागच्या जागी आहेत. नेमकं हेच गेलं.” ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “परवा त्यांचं आणि माझं जोरात भांडण झालं होतं.”

“कुणाचं?”

तिनं नजरेनंच खिडकीकडे दाखवलं. तिथे सिलिकॉनला कातडीचा रंग देणारा रंगारी बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

“ते म्हणाले, तुझा कंप्युटर एक दिवस आमच्या पोटावर पाय देणार. मी पण काहीतरी तोडून बोलले. आणि काल? काल ते कामावर आलेच नाहीत. इतक्या वर्षांत कधी न चुकणारा माणूस, नेमका नाक गेलं त्याच दिवशी सुट्टीवर!”

३

पुढचा नंबर सूनबाईच्या नवऱ्याचा, म्हणजे मालकांच्या चिरंजीवांचा. चिरंजीव इस्पितळांमधून फिरून कामं आणतात. पाल्हाळिक बोलणं, कडक इस्त्री, आणि माझ्यासमोर बसल्यावर कपाळाला दरदरून घाम.

“स्कॅनची दुसरी प्रत ठेवत नव्हता का कुठे?” मी साधा प्रश्न विचारला.

“ठेवतो ना. बाहेरची डिस्क आहे वेगळी. दर आठवड्याला मी स्वतः प्रत काढतो.”

“मग प्रश्नच मिटला! आणा ती डिस्क.”

चिरंजीव खुर्चीत चुळबुळले. “ती... ती घरी आहे.”

“घर किती लांब?”

“म्हणजे घरी आहे, पण...”

“अहो, काय पण?” तिकडून सूनबाई ओरडली. “काल मी विचारलं तेव्हा म्हणालात डिस्क बिघडलीये!”

 नवरा-बायकोमध्ये आपण बोलायचं नसतं. सगळं आपोआप बाहेर येतं. आलंच. चिरंजीवांना कामासाठी सतत फिरावं लागतं, प्रवासात कंटाळा येतो, म्हणून त्यांनी डिस्क पुसून तिच्यावर सिनेमे भरले होते. तेव्हापासून प्रत काढलेलीच नाही. बायको विचारायची, “प्रत काढली का?” आणि हे मान डोलवायचे.

“अगं, एकदा चुकलं...”

“बोलूच नका माझ्याशी!”

“नाक मात्र मी पुसलं नाही,” चिरंजीव माझ्याकडे बघत काकुळतीला आले. “शपथेवर सांगतो. मी त्या मशीनच्या वाटेलाही जात नाही.”

मला ते खरं वाटलं. हा माणूस आळशी होता, पण आळशी माणूस काही पुसायलाही उठत नाही. हातातली एकुलती एक आशा मात्र सिनेमांखाली गाडली गेली होती.

४

काका या सगळ्याचे मालक. पांढऱ्या मिशा, प्लास्टरनं त्याहून पांढरे हात. आयुष्यभर चाकूनं मेणाचे कान कोरले. सूनबाईनं कंप्युटर आणल्यावर तोंड वाकडं केलं नाही, उलट टेबल स्वतः ठोकून दिलं.

“संध्याकाळी सगळ्यात शेवटी कोण जातं?” मी विचारलं.

“मीच. सूनबाई पोराला शाळेतून आणायला आधी निघते. रंगारी उजेड गेला की जातो, त्याला दिव्याखाली रंग कळत नाही. मग मी कुलूप लावतो.”

“कंप्युटर कोण बंद करतं?”

“मीच की. सगळंच बंद करतो.”

“कसं?”

काका उठले. दाराशी गेले, लाल दांडा धरला आणि खाडकन खाली ओढला. पंखा थांबला, दिवा गेला, कोपऱ्यातली सिलिकॉन पक्कं करायची भट्टी गप्प झाली. माझं नक्कल करायचं यंत्र बॅटरीवर चालतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच किंचाळले असते.

“असं!” दांडा पुन्हा वर करत काका समाधानानं म्हणाले. “बंद म्हणजे बंद. एकदा भट्टी चालू राहिली होती, पडदा पेटला. तेव्हापासून मी कुणावर विश्वास ठेवत नाही. घरी जाऊन शांत झोप लागते.”

सूनबाई तोंडावर हात ठेवून बघत होती. “बाबा, मला वाटायचं तुम्ही माऊसनं नीट बंद करता!”

“माऊस मला कुठे येतो गं?”

“काका,” मी म्हणाले, “तुम्ही भट्टी वाचवलीत, पण डिस्कचा जीव घेतलात. कंप्युटर काहीतरी लिहीत असतो, आणि तुम्ही अर्ध्या शब्दावर त्याच्या हातातून पेन काढून घेता. तेही रोज!”

काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे नाक मी घालवलं?”

हो म्हणणं सोपं होतं. पण हिशेब जुळत नव्हता. काका रोज दांडा ओढत होते आणि रोज सकाळी सगळं जागच्या जागी सापडत होतं. मग काल सकाळीच काय वेगळं झालं? शिवाय अशा धसमुसळेपणानं डिस्कवर गडबड झाली की कंप्युटरला स्वतःला ते कळतं. दुसऱ्या दिवशी सुरू होताना तो आधी डिस्क तपासायला बसतो. मग इतके दिवस ही तपासणी झाल्याचं इथे कुणीच कसं सांगत नाही? काल काय वेगळं होतं, याचं एकच उत्तर माझ्यापुढे होतं आणि ते खिडकीशी पाठमोरं बसलं होतं.

५

रंगारी काही माझ्याकडे आला नाही. मीच खुर्ची ओढून त्याच्याजवळ गेले.

त्याचा कोपरा बघून मी थक्क झाले. अख्ख्या कारखान्यावर प्लास्टरची पिठी बसलेली, आणि याच्या टेबलावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. छोट्या वाट्यांमध्ये रंग: गव्हाळ, सावळा, गालाचा, कानाच्या पाळीचा. पाळीचा लाल वेगळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

“दादा, काल कुठे होतात?”

“बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मालकांना सांगून गेलो होतो, सूनबाईला सांगायचं ते विसरले असतील.” तो मान वर न करता म्हणाला. “आज आलो तर कुणी बोलायला तयार नाही. सूनबाई तर मी चोर असल्यासारखी बघते. मी त्या यंत्राला शिव्या देतो, ताई, खोटं कशाला बोलू? पण त्या बाईंचा रंग मी जमवलाय. तीन दिवस उन्हात बसवून, गालाला वाट्या लावून लावून. माझंच काम मी कशाला घालवीन?”

मला एकदम वाईट वाटलं. पण कामाचं विचारायचंच होतं. “सकाळी सगळ्यात आधी तुम्ही येता?”

“हो. दार उघडतो, मेन वर करतो, आणि फडकं घेतो. धुळीचा एक कण सिलिकॉनमध्ये गेला की तीळ दिसतो. म्हणून आधी पुसापुशी. दारापासून सुरुवात.”

“दाराजवळ तर कंप्युटर आहे.”

“तोच आधी. दांडा वर केला की तो आपला आपणच चालू होतो. मग त्याच्यावर ती पांढरी अक्षरं येतात...”

मी जागच्या जागी ताठ झाले. “कसली पांढरी अक्षरं?”

“काळ्या पडद्यावर. इंग्रजीत काहीतरी. शेवटी एक आकडा असतो, तो कमी कमी होत जातो. मग मी फडकं मारतो आणि ती जातात.”

“फडकं कुठे मारता? पडद्यावर?”

“पडद्यावर कशाला? बटणांवर! पिठी तिथेच जास्त बसते. पुसलं की अक्षरं जातात आणि यंत्र नीट चालू होतं. कित्येक महिने चाललंय हे. मला वाटलं, धूळ झाली म्हणून ओरडत असेल ते.”

मी खुर्चीवरून अशी उठले की वाट्या खणखणल्या. “दादा, तुम्ही चोर नाही! आता एवढंच सांगा, काल तुमच्या जागी पुसलं कुणी?”

“कोण पुसणार?” रंगारी म्हणाला. “इथे माझ्याशिवाय फडक्याला हात तरी लावतं का कुणी?”

६

चौघांना मी कंप्युटरसमोर उभं केलं. नक्कल पूर्ण झाली होती. मूळ डिस्क पिशवीत ठेवली, नक्कल मशीनमध्ये बसवली, आणि तिच्यावर मुद्दाम तपासणी लावून ठेवली.

“दादा, दांडा खाली करून पुन्हा वर करा. आणि फडकं घ्या.”

मशीन सुरू झालं. काळा पडदा. पांढरी अक्षरं.

“सूनबाई, वाचा.”

ती वाचून मराठीत सांगू लागली. “या डिस्कची तपासणी करणं गरजेचं आहे. तपासणी टाळायची असेल तर... कुठलंही बटण दाबा.” तिनं वळून रंगाऱ्याच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. आकडा उतरत होता.

“पुसा, दादा.”

रंगाऱ्यानं कीबोर्डवरून सवयीनं फडकं फिरवलं. अक्षरं गेली. मशीन शहाण्यासारखं चालू झालं.

“अरे देवा,” काका म्हणाले.

“आता ऐका. काका रोज संध्याकाळी दांडा ओढायचे, डिस्कवर थोडी गडबड व्हायची. रोज सकाळी कंप्युटर म्हणायचा, मला तपासू द्या. आणि रोज सकाळी दादा त्याला फडक्यानं गप्प करायचे. काल दादा नव्हते. मेन कुणी वर केलं?”

“मी,” काका म्हणाले. “वर करून मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला गेलो.”

“म्हणजे पहिल्यांदाच त्याला कुणी अडवलं नाही. त्यानं मनसोक्त तपासणी केली आणि दुरुस्तीही केली. सूनबाई आली तोवर सगळं आटोपलं होतं.”

“दुरुस्ती केली, मग नाक कसं गेलं?” चिरंजीवांनी विचारलं. पहिल्यांदाच कामाचं बोलले.

“डिस्कवर एक अनुक्रमणिका असते, कुठली फाइल कुठे ठेवलीये त्याची. बाईंच्या फोल्डरची नोंद त्यात तुटली होती. तपासणी करणाऱ्याला फाइल तर सापडली, पण ती कुणाची, नाव काय, काही कळेना. तो असला माल फेकून देत नाही. शाळेत हरवलेले डबे आणि छत्र्या एका कपाटात टाकतात ना, तसं एक फोल्डर करून त्यात टाकतो, आणि नावाच्या जागी नुसते नंबर देतो. ते फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून ते साध्या डोळ्यांना दिसत नाही.”

मी बोलता बोलता लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगितल्या. ज्या ड्राइव्हवर कंप्युटरचा सगळा संसार असतो, तिथेच ते फोल्डर निघालं. उघडलं. आत काही फाइली, नावं नाहीत, नुसते आकडे.

 खरं सांगते, फाइल सापडणं वेगळं आणि ती धड असणं वेगळं. अर्धं नाक सापडून काय उपयोग?

सगळ्यात मोठी फाइल निवडली. तिच्या नावाला स्कॅनच्या फाइलचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, लावलं. उघडली. पडद्यावर बराच वेळ काही नाही. सूनबाईनं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी निळा पडला.

आणि मग खालून वर, आधी ओठ, मग नाक, मग कपाळ. अख्खा चेहरा, डोळे मिटलेला.

“बाई!” सूनबाई ओरडली आणि भोकाड पसरून रडायला लागली. चिरंजीव मटकन खाली बसले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस पांढरे झाले. माझाही जीव भांड्यात पडला. मी उगाच स्क्रूड्रायव्हर शोधत बसले, डोळे दिसू नयेत म्हणून.

रडणं आवरल्यावर सूनबाई रंगाऱ्याकडे गेली. “दादा, मी तुमच्यावर नाही नाही तो संशय घेतला. चुकलं माझं.”

“असू दे,” तो म्हणाला.  “मी तरी रोज फडकं मारत होतोच की. एकदा विचारायला काय झालं होतं मला?”

७

शाळेच्या बाई दुपारी आल्या. नाकावर रुमाल बांधलेला, हातात फोटोंचं पाकीट. दारातूनच म्हणाल्या, “यातला जो बरा वाटेल तो घ्या बाबांनो. मला काही कळत नाही त्यातलं.” आवाज अगदी थकलेला.

 सूनबाईनं त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

बाई बघत राहिल्या. सूनबाईनं माऊस फिरवला, चेहरा हळूहळू वळला, नाक बाजूनं दिसायला लागलं. ठसठशीत, मधे उंचवटा असलेलं, टोकाला जरा खाली झुकलेलं. 

मग बाईंच्या रुमालाखालून एक आवाज आला. आम्हाला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

“किती मोठं होतं गं हे!” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. “आणि मी जन्मभर आरशासमोर उभी राहून याला नावं ठेवली. लग्नाच्या फोटोत मान फिरवून बसले होते, माहितेय?”

सूनबाईलाही हसू आलं. हुशारीनं म्हणाली, “मग बाई, आता संधी आहे. हा उंचवटा काढू का? कंप्युटरवर एका मिनिटात होतं. हवं तसं सरळ, नाजूक नाक करून देते तुम्हाला.”

बाईंनी तिच्या माऊसवरच्या हातावर फटकन चापट मारली. आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“खबरदार हात लावलास तर! आहे तस्सं हवंय मला.”